सांगली-मिरज भागात हॅम वाढवायचे आहेत : आधी रिपीटर लावावा की आधी माणसं जमवावीत?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

सांगली, मिरज, तासगाव, पलूस या टापूत परवाना असलेले हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणारे, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. त्यातले निम्मे गप्प असतात. दरवर्षी दोन-चार जण परीक्षा देतात, पास होतात, कॉलसाइन (रेडिओवरची अधिकृत ओळख) येतो, आणि नंतर बँडवर त्यांचा आवाज काही ऐकू येत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर लोकांना या छंदाबद्दल उत्सुकता आहे, तिचं काहीतरी भलं व्हावं असं मनापासून वाटतं.

आता प्रश्न.

१) वर्गणीतून साधारण पन्नास हजार उभे राहतील. वापरलेले दोन व्हीएचएफ मोबाइल सेट (गाडीत बसवायचे रेडिओ) स्वस्तात मिळत आहेत. ते पाठीला पाठ लावून दंडोबाच्या डोंगरावर किंवा पन्हाळ्यावर दोन मीटर बँडचा (सुमारे १४५ मेगाहर्ट्झ) रिपीटर, म्हणजे दुबळा सिग्नल घेऊन तोच जोरात पुन्हा सोडणारं यंत्र, करावा, असं काहींचं म्हणणं आहे. जमेल का?

२) जत, आटपाडी आणि शिराळा या तिन्ही बाजू एकत्र कशा जोडायच्या?

३) नवा हॅम परवाना मिळाल्यावर टिकावा म्हणून नेमकं काय करायचं?

४) जिल्हा प्रशासनाकडे जायचं तर काय घेऊन जायचं?

सविस्तर लिहिलंत तर उपकार होतील. ७३ (हॅम मंडळींचा निरोपाचा नमस्कार).

घाटमाथा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पैसे त्यात अडकतील. दोन मोबाइल सेट पाठीला पाठ लावले म्हणजे रिपीटर होत नाही.

दोन मीटरवर रिपीटरच्या येण्या-जाण्याच्या फ्रिक्वेन्सीत ६०० किलोहर्ट्झचं अंतर असतं. तुमचा ट्रान्समीटर २० वॅट, म्हणजे +४३ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) सोडतो. त्याच वेळी शेजारच्या रिसीव्हरला ०.२ मायक्रोव्होल्टचा, म्हणजे −१२१ डीबीएमचा दुबळा सिग्नल ऐकायचा असतो. इतक्या जवळच्या फ्रिक्वेन्सीवर ट्रान्समीटरचा गोंगाट रिसीव्हरमध्ये शिरतो आणि तो बहिरा होतो. हाच डिसेन्स. लक्षण अगदी ठरलेलं : लांबचा हँडहेल्ड रिपीटर उघडतो, रिपीटर प्रक्षेपण सुरू करतो, तेवढ्यात त्याचा स्वतःचा रिसीव्हर मार खातो, सिग्नल तुटतो, प्रक्षेपण बंद होतं, पुन्हा सिग्नल ऐकू येतो, पुन्हा उघडतो. फटफट असा आवाज येत राहतो आणि लोक म्हणतात रिले खराब आहे. रिलेचा काही दोष नसतो.

हे टाळायला निदान ८० ते ८५ डेसिबल आयसोलेशन, म्हणजे ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांच्यातला अडसर, हवं. दोन वेगळ्या अँटेना एकाच मनोऱ्यावर एकीखाली एक, १० मीटर अंतराने लावल्या तर सुमारे ५५ डेसिबल मिळतात, २० मीटरने ६७. बाकीचं कॅव्हिटीनेच (ठरावीक फ्रिक्वेन्सी निवडणारा धातूचा डबा) भरून काढावं लागतं. दोन मीटरसाठी चार किंवा सहा कॅव्हिटींचा डुप्लेक्सर (येणारा आणि जाणारा सिग्नल वेगळा ठेवणारा फिल्टर) लागतो, आणि तुमच्या पन्नास हजारांतला मोठा घास तोच घेईल. बाजारात हाताएवढे स्वस्त डुप्लेक्सर मिळतात ते यूएचएफचे नॉच प्रकारचे (नको ती फ्रिक्वेन्सी कापणारे), ५ मेगाहर्ट्झ किंवा जास्त अंतरासाठी बनवलेले. ते इथे कामाचे नाहीत.

मग कोणी म्हणेल, ७० सेंटिमीटर बँडवर, म्हणजे यूएचएफवर जाऊ. तिथेही एक खाच आहे. आपल्याकडे हौशी सेवेला ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा आहे, म्हणजे जेमतेम ४ मेगाहर्ट्झ. परदेशी सेटमध्ये ५ मेगाहर्ट्झचा ऑफसेट (येण्या-जाण्याच्या फ्रिक्वेन्सीतलं अंतर) आधीच भरलेला असतो. तो तसाच ठेवून बटण दाबलंत तर तुम्ही थेट पट्ट्याबाहेर प्रक्षेपण करता. ऑफसेट हाताने भरा, आणि ५ मेगाहर्ट्झचा नॉच डुप्लेक्सर ३ मेगाहर्ट्झवर ओढून बसवला तर आयसोलेशन घटतं, हे मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जागेबद्दल. पन्हाळा पायथ्याच्या पठारापासून सुमारे ४०० मीटर उंच. रेडिओ क्षितिजाचं सूत्र सोपं आहे : मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ गुणिले ४.१२, उत्तर किलोमीटरमध्ये. ४०० चं वर्गमूळ २०, म्हणजे ८२ किलोमीटर. समोरच्या घरावर ५ मीटरची अँटेना असेल तर तिचे ९ आणखी. सांगली सरळ रेषेत ५० किलोमीटरच्या आसपास, म्हणून आरामात बसते. जत मात्र ११५ च्या पुढे, ते गेलं. शिवाय पन्हाळा केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय नाही. २०२५ मध्ये किल्ला जागतिक वारशाच्या यादीत गेल्यावर तिथे लोखंडी मनोऱ्याचा विचारच सोडा. दंडोबाला वनखातं आहे. त्यापेक्षा ज्यांचा मनोरा आधीच उभा आहे आणि ज्यांच्या खोलीला कुलूप व वीज आहे, अशा संस्थेशी लेखी करार करा. करारात तीन गोष्टी हव्यातच : किल्ली कोणाकडे, वीजबिल कोण भरणार, आणि रात्री दोन वाजता बिघाड झाला तर आत कोण जाऊ शकतं. रिपीटरचा परवाना क्लबच्या नावाने वेगळा घ्यावा लागतो. तो हातात येईपर्यंत यंत्र डमी लोडवरच (अँटेनाऐवजी लावायचा, शक्ती जिरवणारा रेझिस्टर) चालवायचं.

वीज. रिपीटर नुसता ऐकताना अर्धा अँपिअर आणि प्रक्षेपणात ५ अँपिअर घेतो असं धरा. दिवसात सहा तास प्रक्षेपण झालं तर ३० अधिक ९, म्हणजे ३९ अँपिअर-तास रोज. सूर्य न दिसणारे दोन दिवस काढायचे तर सुमारे ८० वापरता आले पाहिजेत. लिथियम आयर्न फॉस्फेट असेल तर १०० एएच पुरते, शिसे-आम्लाची असेल तर १६० एएच, कारण ती निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते. मोबाइल सेट सलग प्रक्षेपणासाठी बनवलेला नसतो. ५० वॅटचा असला तरी १० ते १५ वॅटवर ठेवा, पंखा लावा, तीन मिनिटांचा टाइमआउट ठेवा. सीटीसीएसएस टोन (ठरलेला सूर असलेल्या सिग्नललाच रिपीटर उघडतो) लावल्याशिवाय तर चालूच करू नका, नाहीतर शेजारच्या टॉवरची खरखर दिवसभर रिपीटर उघडा ठेवेल आणि बॅटरी लवकर संपेल.

माझं मत सरळ आहे. आज रिपीटर नको. बोलणारी माणसं नसतील तर तो डोंगरावर स्वतःचा आयडी ऐकवत बसेल. सहा महिने सिंप्लेक्सवर (रिपीटरशिवाय, एकाच फ्रिक्वेन्सीवर थेट) साप्ताहिक नेट, म्हणजे ठरल्या वेळी सगळ्यांची रेडिओवरची बैठक, चालवा. नेटवर दर आठवड्याला आठ-दहा जण येऊ लागले आणि कोण कोणाला ऐकू शकत नाही याची यादी हातात आली, की रिपीटरची जागा ती यादीच सांगेल.

सिंप्लेक्ससाठी प्रत्येक घरावर एक ग्राउंड प्लेन अँटेना पुरे. एसओ-२३९ पॅनेल सॉकेट, मधली उभी पितळी किंवा तांब्याची सळई ४९ सेंटिमीटर, चार कोपऱ्यांना ५१-५२ सेंटिमीटरच्या चार सळया, खाली ४५ अंशांत वाकवलेल्या. तेवढ्या कोनात ती ५० ओहमच्या जवळ येते. दहा मीटर उंचीवर लावली तर क्षितिज १३ किलोमीटर, समोरचीही तेवढीच असेल तर २६. सांगली-मिरज डोळे झाकून, तासगाव बहुतेक वेळा. केबलमध्ये कंजुषी करू नका. १४५ मेगाहर्ट्झवर आरजी-५८ ही बारीक केबल शंभर मीटरला सुमारे २० डेसिबल खाते, म्हणजे १५ मीटरच्या तुकड्यात निम्मी शक्ती गेली. जाड आरजी-२१३ त्याच लांबीत सव्वा डेसिबलवर भागवते. आणि सॉकेटच्या खालच्या बाजूला स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, वरून साधी काळी टेप. जूनमध्ये पाणी केबलच्या जाळीत शिरलं की ते केशिकेसारखं खाली सरकत जातं, आणि ऑगस्टपर्यंत केबल कामातून जाते.

तांब्याची_तार

घाटमाथा यांच्याशी सहमत, एक भर घालतो. जत, आटपाडी, शिराळा आणि घाटाखालचं चिपळूण-रत्नागिरी हे सगळं एका दमात जोडायचं असेल तर व्हीएचएफच्या मागे लागूच नका. ४० मीटर बँडवर, सरळ वर फेकून खाली झेलायचा प्रकार वापरा, एनव्हीआयएस. ७ मेगाहर्ट्झची लहर जवळजवळ उभी वर जाते, आयनावरणावरून परतते आणि चारी बाजूंना तीन-चारशे किलोमीटरचा प्रदेश भरून काढते. मध्ये सह्याद्री आहे की नाही याच्याशी तिला देणंघेणं नाही. व्हीयू३ कॉलसाइनवाले, म्हणजे खालच्या दर्जाचा परवाना असलेलेही, ४० मीटरवर बोलतात. फक्त आपल्या परवान्यावर लिहिलेले पट्टे आणि शक्तीची मर्यादा वाचून घ्या.

अँटेना स्वस्तातली. ७.१ मेगाहर्ट्झला डायपोलची (मधोमध केबल जोडलेली दोन हातांची तार) एकूण लांबी १४२.५ भागिले ७.१, म्हणजे २०.०७ मीटर. घरगुती वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची इन्सुलेटेड तार घ्या. दोन्ही बाजूंना १०.२० मीटर कापा, मग छाटत या. इन्सुलेशनमुळे तार विद्युतदृष्ट्या थोडी लांब भासते, म्हणून शेवटची लांबी सूत्रापेक्षा कमीच भरते. एसडब्ल्यूआरचा (अँटेनाकडून परत येणाऱ्या शक्तीचं माप) तळ ६.९५ वर दिसला तर दोन्ही टोकांनी ५-५ सेंटिमीटर कमी केल्यावर तो साधारण ३५ किलोहर्ट्झ वर सरकतो. या हिशोबाने जा, अंदाजाने कातरी चालवू नका. तोडण्याआधी टोक मागे दुमडून बघा. दुमडलेली तार तारेलाच घट्ट पिळली की जवळपास कापल्यासारखीच वागते.

उंची ५ ते ७ मीटर. इथे बरेच जण उंच जाण्याचा हट्ट धरतात. दूरदेशी बोलायचं तर उंची हवीच, पण जिल्ह्यात बोलायला गच्चीवरचा एक बांबू आणि दोन बाजूंना दोन झाडं पुरतात. मध्यभागी केबलचेच १२-१४ वेढे ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपवर घट्ट गुंडाळले की चोक झाला. तो नसेल तर केबलची बाहेरची जाळीच प्रक्षेपण करते आणि शेजाऱ्यांच्या टीव्हीच्या स्पीकरमध्ये तुमचं बोलणं जातं. मग सोसायटी अँटेना उतरवायला लावते. नव्या हॅमचं स्टेशन बंद पडण्याचं हे फार मोठं कारण आहे, आणि ते चार-पाच मीटर जास्तीच्या केबलने टळतं. दोरी नायलॉनची घेतली तर ती पावसात भिजून सैल पडते आणि उन्हात चिरते. पॉलिएस्टरची घ्या.

वेळ महत्त्वाची. पहाटे सूर्योदयाआधी आयनावरण सर्वांत दुबळं असतं. तेव्हा ७ मेगाहर्ट्झ सरळ वर फेकलेलं परत येत नाही, जवळचं स्टेशन गायब आणि दूरचं मोठ्याने. त्या वेळी ८० मीटर बँडवर उतरा. भर दुपारी खालचा डी थर सिग्नल शोषतो, ८० मीटर तर जवळपास मरतो. म्हणून प्रादेशिक नेट सकाळी साडेसात-आठ किंवा संध्याकाळी पाच-साडेपाचला ठेवा. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये विजांची कडकड बँडभर असते. ढग दिसले की केबल सेटमधून काढा आणि खिडकीबाहेर टाका. नुसता सेट बंद करून भागत नाही.

सेटचा प्रश्न उरतो. नवा एचएफ (४०-८० मीटरवर चालणारा) सेट तरुणांच्या खिशाबाहेर असतो. हैदराबादच्या अशर फरहान (व्हीयू२ईएसई) यांनी बिटएक्स या घरी बांधायच्या सेटची रचना खुली ठेवली, तिचं मोल इथे कळतं. सर्किट सगळ्यांसाठी उपलब्ध आहे, सुटे भाग आपल्याकडे मिळतात, आणि काही वॅटची शक्ती जिल्हाभर बोलायला भरपूर होते. क्लबने दरवर्षी असे तीन-चार सेट एकत्र बसून बांधावेत. टोरॉइडवर (कडीसारख्या चुंबकीय गाभ्यावर) तार गुंडाळताना एक वेढा म्हणजे तार छिद्रातून एकदा जाणं, हे पहिल्याच दिवशी शिकवा. निम्मे बंद सेट वेढे चुकल्यामुळे किंवा एनॅमल नीट न खरवडता डाग दिल्यामुळे बंद असतात.

पहिला_क्यूएसओ

तिसऱ्या प्रश्नावर बोलतो, कारण तिथेच आपली माणसं गळतात.

गळतीच्या दोन जागा आहेत. एक, परीक्षा पास झाल्यापासून परवाना हाती येईपर्यंतचे महिने. दुसरी, परवाना आल्यापासून पहिल्या संभाषणापर्यंतचे आठवडे. दोन्ही ठिकाणी माणूस एकटा असतो.

अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो. शुल्क आणि अर्जाचा नमुना त्या दिवशीचा पाहून भरा, जुन्या क्लबच्या पुस्तिकेवरून नको. किमान वय १२ वर्षं, त्यामुळे सातवी-आठवीतली मुलंही बसू शकतात. परीक्षा वायरलेस मॉनिटरिंग स्टेशन घेतं. आपल्या बाजूला मुंबई, नागपूर आणि गोवा अशी केंद्रं आहेत, आणि सांगलीकरांना मुंबईपेक्षा गोवा जवळ पडतं. आठ-दहा जणांनी एकत्र अर्ज केला तर एकाच तारखेला जाता येतं, गाडीभाडंही वाटून जातं.

अभ्यासात सगळे ओहमचा नियम, रेझोनन्स, मॉड्युलेशन यांच्यामागे लागतात आणि नियमांचा भाग शेवटच्या रात्रीवर ढकलतात. दोन्ही भागांत वेगवेगळे किमान गुण लागतात, एकाची भर दुसऱ्यात चालत नाही. क्यू-कोड, उच्चारवर्णमाला, संकटसंदेशाचे नियम, लॉगमध्ये काय लिहायचं, काय बोलायला मनाई आहे, हे दर वर्गात पंधरा मिनिटं घ्या. जनरल या वरच्या दर्जाला मिनिटाला आठ शब्दांचं मोर्स लागतं. ते शिकवताना अक्षर सावकाश वाजवू नका. अक्षर पंधरा-अठरा शब्दांच्या वेगाने वाजवा आणि दोन अक्षरांमधली जागा वाढवा. सावकाश अक्षरात मुलं डिट-डा मोजायला लागतात, आणि ती सवय नंतर मोडता मोडत नाही.

परवाना येईपर्यंतचा काळ असा भरा. ऐकणं : क्लबचा एक रिसीव्हर आणि तारेचा तुकडा आळीपाळीने घरी द्यावा, आठवड्यात वीस स्टेशनं लॉगमध्ये उतरवून आणायला सांगावं. बोलणं : ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले, मान्यता असलेले कमी शक्तीचे वॉकीटॉकी आपल्याकडे २०१८ पासून परवान्याशिवाय वापरता येतात. मैदानात असे चार सेट वाटून नेट कसं चालतं, कॉल कसा द्यायचा, "ओव्हर" कधी, हा सराव अगदी कायदेशीरपणे होतो. हौशी हँडहेल्ड मात्र त्या पट्ट्यावर चालवायचा नाही, आणि परवान्याआधी कोणाच्या हाती द्यायचा नाही. "सेट घेऊन ठेव, लायसन्स येईलच" हा सल्ला देणाऱ्याने पुढच्या माणसाला अडचणीत टाकलेलं असतं.

परवाना आला की त्याच आठवड्यात एका जुन्या हॅमने त्याच्या घरी जायचं. अँटेना बघायची, एसडब्ल्यूआर मोजायचा, आणि शेजारी बसून पहिला कॉल द्यायला लावायचा. पहिले दहा क्यूएसओ (संभाषणं) होईपर्यंत ही जबाबदारी त्या एकाच माणसाची. ग्रुपवर "काही लागलं तर सांगा" लिहिण्याने काही होत नाही. नवा माणूस विचारत नाही, त्याला संकोच वाटतो. अँटेना नसेल तर पहिल्या महिन्यात ग्राउंड प्लेन क्लबने करून द्यावी, सामान दोनशे-चारशे रुपयांचं.

नेटची शिस्त. वार आणि वेळ ठरलेली, पाऊस असो की गणपती. लांबी ३५-४० मिनिटं, जास्त नाही. हजेरी आधी, आणि हजेरीत नव्यांना पहिला मान. ज्येष्ठ आधी बोलायला लागले की तब्येत, हवामान, जुने सेट यात पाऊण तास जातो आणि नवखा झोपी जातो. प्रत्येक नेटला एक तांत्रिक प्रश्न, उत्तर पुढच्या आठवड्यात. नेट कंट्रोल दर महिन्याला बदला, आणि परवाना मिळून तीन महिने झालेल्या प्रत्येकाला एकदा तरी त्या जागी बसवा. एकाच माणसाच्या खांद्यावरचं नेट तो गावाला गेला की बंद पडतं.

शाळेसाठी दोन सोप्या वेळा आहेत. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारच्या सुमारास स्काउट-गाइडची जांबोरी ऑन द एअर असते, तेव्हा शाळेचं स्काउट पथक आपणहून तयार असतं. आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक अधूनमधून १४५.८०० मेगाहर्ट्झवर एफएममध्ये चित्रं पाठवतं. जाहीर तारीख बघून ठेवा. साधा हँडहेल्ड, मोबाइलवर चित्र उलगडणारं अॅप, स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारी सोय) पूर्ण उघडा. स्क्वेल्च बंद-चालू झाला की चित्राच्या ओळी सरकतात. स्थानक डोक्यावरून जायला दहाएक मिनिटं लागतात. तेवढ्यात पोरांच्या डोळ्यांसमोर ओळीओळीने चित्र उमटतं, आणि पुढच्या परीक्षेचे अर्ज तिथेच भरले जातात.

बंधारा

चौथ्या प्रश्नासाठी. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, पण तुमचं रोजचं काम जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकाऱ्यांशी. मार्च-एप्रिलमध्ये भेटा. जूनमध्ये त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो.

जाताना भाषण नेऊ नका, दोन पानं न्या. एका पानावर तालुकावार ऑपरेटर, त्यांचे कॉलसाइन, कोणाकडे कोणता सेट, वीज गेल्यावर किती तास चालेल. दुसऱ्यावर नकाशा : कुठून कुठे प्रत्यक्ष संपर्क झाला, केव्हा, कोणत्या फ्रिक्वेन्सीवर. झालेलाच संपर्क लिहा, होऊ शकेल असा नको. आणि मागायची ती एकच गोष्ट : मान्सूनपूर्व रंगीत तालमीत अर्धा तास आणि नियंत्रण कक्षाच्या गच्चीवर एक कायमची अँटेना व खालपर्यंत आणलेली केबल. पूर आल्यावर गच्चीची किल्ली शोधण्यात दोन तास जातात.

बॅटरीचा हिशोब घरात आहे. व्हीएचएफ मोबाइल १० वॅटवर, तासाला दहा मिनिटं प्रक्षेपण धरलं तर दिवसाला सुमारे २६ अँपिअर-तास. गाडीची बॅटरी एक दिवसही नीट काढत नाही. घरोघरी इन्व्हर्टरला असलेली १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी जवळपास तीन दिवस काढते. सेट थेट बॅटरीच्या टोकांवर लावा, दोन्ही तारांना फ्यूज. इन्व्हर्टरमधून २३० व्होल्ट करून परत १२ करू नका, स्वस्त इन्व्हर्टरचा गोंगाट ४० मीटर झाकून टाकतो. आणि ही बॅटरी बहुतेक घरांत तळमजल्यावर जिन्याखाली असते. आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. पाणी ४० कडे निघालं की बॅटरी वरच्या मजल्यावर न्यायची, हे क्लबच्या कागदावर लिहिलेलंच असू द्या.

अंदमानचं उदाहरण जरूर सांगा. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद (व्हीयू२आरबीआय) आणि सहकारी पोर्ट ब्लेअरमध्ये होते, व्हीयू४ या दुर्मिळ कॉलसाइनवरून जगाशी बोलायला गेलेले. अँटेना उभ्या होत्या, ऑपरेटर रोज तासन् तास बोलत होते, म्हणून त्याच दिवशी संदेश सुरू झाले. छंदाचं नेट नियमित चाललं तरच आपत्तीत ते उभं राहतं. म्हणून वरच्या तिघांनी जे लिहिलंय ते आधी करा, प्रशासन नंतर.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. रिपीटरचा निधी बाजूला ठेवून आधी ग्राउंड प्लेनचं सामान आणि एक अँटेना अॅनालायझर घ्यावा, असं इथल्या मंडळींसमोर मांडतो. मंगळवारी रात्री नऊला दोन मीटर सिंप्लेक्स आणि रविवारी सकाळी आठला ४० मीटर, असं डोक्यात आहे.

एक शंका. तालमीत मराठीत संदेश द्यायचे की इंग्रजीत? पाणीपातळीचे आकडे सांगताना गोंधळ होतो.

बंधारा

मराठीतच द्या, घेणारा तलाठी किंवा कोतवाल असू शकतो. पण आकडे जोडून बोलू नका. खरखरीत एकोणचाळीस, एकोणपन्नास आणि एकोणसाठ यांत फक्त शेपूट वेगळी, आणि आवाज नेमका शेपटाशीच पडतो. "तीन, नऊ फूट, सहा इंच" असं सुटं बोला. सात आणि साठचा घोळही त्यानेच मिटतो. विसर्गाचा आकडा क्युसेकमध्येच ठेवा, मध्येच घनमीटर नको, आणि "पंचवीस हजार" ऐवजी "दोन, पाच, हजार".

गावाचं नाव तालुक्यासकट. वाड्या-वस्त्यांची नावं शेजारच्या तालुक्यात हुबेहूब तीच असतात. अवघड नाव असेल तर आधी पूर्ण उच्चार, मग अक्षरं सुटी, काना-मात्रेसकट.

संदेशाचा कागद छापून घ्या : क्रमांक, तातडी, कोणाकडून, कोणाला, वेळ चोवीस तासांच्या घड्याळाने, शब्दसंख्या, मजकूर. शब्दसंख्या गाळू नका. घेणाऱ्याने मोजून तेवढेच भरले तरच "पोहोचला" म्हणायचं, नाहीतर मजकूर पुन्हा. पंचवीस शब्दांपेक्षा लांब संदेश दोन भागांत तोडा.

तांब्याची_तार

रविवारी आठ चांगलं आहे, फक्त डिसेंबर-जानेवारीत सूर्य उशिरा उगवतो, तेव्हा जवळची स्टेशनं आठला पुरेशी उठलेली नसली तर साडेआठ करा. नेट कंट्रोल जिल्ह्याच्या मध्यावरच्या स्टेशनने करावा, म्हणजे जत आणि चिपळूण दोघेही त्याला सारख्याच ताकदीने ऐकू येतील. सगळ्यांनी एकमेकांना दिलेले सिग्नल रिपोर्ट एका तक्त्यात भरत जा, उभं ऐकणारा, आडवं बोलणारा. चार रविवारांत कोणाची अँटेना बिघडली आहे ते त्या तक्त्यात आपोआप दिसेल, कारण त्याची अख्खी ओळ पडलेली असेल. ७३.